कॅटलॉगमध्ये पेन टेकवण्याआधी

जून उजाडला की ठाण्यात जांभळी नाक्यावर कार्डशीट, क्रेप पेपर आणि रंगीत टेप घेणाऱ्या शिक्षकांची झुंबड उडते. नवीन शिक्षणसेवक असाल तर त्या गर्दीत तुम्हीही असाल. स्वागताचा तक्ता, तोरण, फळ्यावरची रांगोळी हे सगळं जरूर करा, पण एका संध्याकाळीत उरका. 16,000 रुपये मानधनात त्यावर दोन हजार घालवणं परवडत नाही, आणि आपल्याकडच्या ओल्या भिंतींवर ते टिकतही नाही. पाऊस सुरू झाला की डबल टेप चार दिवसांत सुटते आणि सुटताना भिंतीच्या रंगाचा पापुद्रा घेऊन येते. दोन खिळ्यांत सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी तक्ते लटकवा. खडूचा डबा झाकणाचा घ्या, सर्द झालेला खडू फळ्यावर नुसता घसरतो.

सुट्टीचे शेवटचे आठ दिवस खरे द्यायचे ते नावांना. वर्गात 38 मुलं असतील तर त्या 38 नावांना. हे कोणी आधी सांगत नाही, आणि सप्टेंबरात सगळं अंगावर येतं.

शाळा 15 जूनच्या आसपास उघडते आणि नव्या शिक्षकाच्या हातात कोरा कॅटलॉग, म्हणजे वर्गाचं हजेरीपत्रक, पडतो. मागच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांनी व्हॉट्सॲपवर एक्सेलची यादी पाठवलेली असते. ती बघून नावं उतरवली की अर्ध्या तासात काम संपतं. सापळा नेमका इथे आहे. ती यादी कुणीतरी आधीच्या यादीवरून केलेली असते, ती त्याच्याही आधीच्या यादीवरून. वाटेत कुठेतरी ‘सिद्धी’ची ‘सिध्दि’ होते, वडिलांच्या नावातला ‘राव’ गळतो, जन्मतारखेतला दिवस आणि महिना आपसांत जागा बदलतात. तुमच्या सुवाच्य अक्षरात ती चूक आणखी एक वर्ष पक्की होते.

म्हणून विसंबायचं ते एकावरच, जनरल रजिस्टरवर, म्हणजे शाळेतल्या प्रवेशांच्या मूळ नोंदवहीवर. (स्टाफरूममध्ये ‘जीआर बघा’ म्हणाले तर शासन निर्णय की जनरल रजिस्टर, हे विचारून घ्या. दोन्हीला जीआरच म्हणतात.) मोठ्या बाईंची परवानगी घ्या, लिपिकांना आदल्या दिवशी फोन करा आणि सुट्टीतच दोन तास ऑफिसात बसा. सोबत फुलस्केपचे कागद घ्या आणि पाच रकाने आखा: रजिस्टर क्रमांक, रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आणि आधारवर इंग्रजीत छापलेलं नाव अक्षर न् अक्षर तसंच. पहिले चार रकाने रजिस्टरवरून भरायचे. पाचवा भरायचा आधारच्या झेरॉक्सवरून, एक्सेलवरून नाही.

इतका आटापिटा कशासाठी, तेही बघा. युडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मुलाचं आधार प्रमाणित व्हायला नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावं लागतं. शाळेत आडनाव आधी लिहायची पद्धत, आधारवर ते बहुधा शेवटी. आधारवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) काढताना पालकांचं संमतिपत्र घेतलेलं असूनही गाडी इथेच अडते. बरं, अडलं म्हणजे फक्त एका मुलाचा आयडी राहिला, असंही नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरवणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि आता त्यात आधार प्रमाणित मुलं धरतात. पट जेमतेम पुरणाऱ्या शाळेत चार-पाच मुलं ‘इनव्हॅलिड’ राहिली तर शिक्षकाचं एक पद जाऊ शकतं. मग कुणीतरी अतिरिक्त ठरतं आणि समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवायच्यांच्या, यादीत जातं. 29 सप्टेंबरला आधार केंद्राच्या रांगेत पालकांना उभं करून ते पद वाचत नाही. जूनमध्ये मात्र वाचतं.

नावं जुळत नाहीत असं दिसलं की नवा माणूस दुसरी चूक करतो, ती पहिलीपेक्षा वाईट. तो रजिस्टर आधारसारखं करायला जातो. हे करू नका, कितीही वरिष्ठ माणसाने सांगितलं तरी. जनरल रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख किंवा जात शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलता येत नाही. शाळेची नोंद जन्मदाखल्याशी जुळत असेल तर पालकांना जन्मदाखला घेऊन आधार केंद्रात पाठवा आणि आधार दुरुस्त करून घ्या. चूक शाळेचीच असेल तर जन्मदाखल्यासह रीतसर प्रस्ताव. यात व्हाइटनरला कुठेच जागा नाही. कॅटलॉगमध्येही चूक झाली तर एक सरळ रेघ, वर बरोबर नोंद, शेजारी सही.

पहिली-दुसरी तुमच्याकडे असेल तर आणखी एक गोष्ट बघा. पाच वर्षांखालच्या बाल आधारात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर बायोमेट्रिक अपडेट सक्तीचं आहे, आणि मूल सात वर्षांचं झालं तरी ते केलं नाही तर आधार निष्क्रिय होऊ शकतं. नाव अचूक असूनही नोंद अडत असेल तर आधी हेच तपासा.

घाबरून जाऊ नका. 38 पैकी तीसेक नावं सरळ निघतात. उरलेल्या आठांची वेगळी चिठ्ठी करा. तीच तुमची जून-जुलैची कामाची यादी.

आता कॅटलॉग. जेल पेन नको, दमट हवेत शाई फुटते आणि ओल्या हाताने पुसली जाते. साधं निळं-काळं बॉलपेन बरं. मुलगे आणि मुली यांच्यामध्ये तीन ओळी मोकळ्या सोडा आणि शेवटीही तीन, कारण आपल्याकडे जुलै संपेपर्यंत प्रवेश येत राहतात. इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून कळव्याचं कुटुंब दिव्याला जातं, कुणी तुर्भ्याहून घणसोलीला. नवीन मूल शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय आलं तरी पहिली ते आठवीला प्रवेश नाकारता येत नाही. दाखला मागाहून मागवा, पण मुलाचा पेन नंबर (युडायसवरचा कायमचा क्रमांक) लगेच घ्या. जुन्या शाळेने युडायसवर त्याला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकल्याशिवाय तुमच्याकडे ते मूल घेता येत नाही, आणि त्या एका क्लिकसाठी चार-चार फोन करावे लागतात.

महिनाअखेरीची बेरीज साधी आहे, तरी ती चुकतेच. जूनमध्ये 13 दिवस शाळा भरली आणि सगळ्यांची मिळून हजेरी 403 झाली, तर सरासरी 31. पोषण आहाराच्या नोंदीतला रोजचा आकडा कॅटलॉगमधल्या त्या दिवसाच्या हजेरीला धरून हवा. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. हजेरी 31 आणि जेवणारे 36 असं दिसलं तर तपासणीत पहिला प्रश्न तुम्हालाच.

नियोजनावर फार लिहीत नाही, त्याचे नमुने पैशाला पासरी मिळतात. दुखणंही तेच आहे. फिरणारी वार्षिक नियोजनाची पीडीएफ नाव बदलून लावू नका. त्यात सुट्ट्या दुसऱ्याच जिल्ह्याच्या असतात आणि पावसाने बुडणारे दिवस कुणीच धरलेले नसतात. जुलै-ऑगस्टला दरमहा निदान दोन दिवस कोरे ठेवा. पाचवी-आठवीचे वर्ग असतील तर पुनर्परीक्षेचा निकाल लागल्याशिवाय पुढच्या वर्गाची यादी पक्की समजू नका.

मार्गदर्शक कोण, असं नवे लोक विचारतात. माझं मत स्टाफरूममध्ये फारसं आवडत नाही, पण पहिल्या वर्षी सर्वांत ज्येष्ठ शिक्षकांपेक्षा लिपिकांजवळ बसा. कुठला कागद कुठे अडतो ते त्यांना ठाऊक असतं. ज्येष्ठ शिकवण्याबद्दल उत्तम सांगतील, पोर्टलबद्दल मात्र बऱ्याचदा ‘होतं सगळं सप्टेंबरपर्यंत’ इतकंच.

प्रवासाचंही आधी बघून ठेवा. नवी मुंबईहून ट्रान्सहार्बर लोकलने येणार असाल तर एक गाडी आधीची धरा. जोराच्या पावसात ठाण्यात वंदना टॉकीजजवळ पाणी साचतं, तेव्हा टीएमटीच्या बसच्या भरवशावर राहू नका. दप्तरात चपलांचा दुसरा जोड हवाच.

पहिल्या आठवड्यात 38 पैकी 24 मुलं आली तर हाय खाऊ नका आणि कुणाचं नाव कापूही नका. बरीच मुलं गावी असतात, कोकणात, सोलापूरकडे, उत्तर प्रदेशात. परतीचं रिझर्व्हेशन मिळेल तशी जूनअखेरपर्यंत येत राहतात. गैरहजर मुलांच्या घरी फोन करा, कधी येणार ती तारीख त्या फुलस्केपवर नावापुढे लिहा आणि आधारची ती चिठ्ठीही त्याच फोनवर मार्गी लावा. फोन रात्री आठनंतर करा, त्याआधी आई कामावर असते आणि मोबाइल तिच्याकडे असतो.