चढता ट्री स्टँड: खालचा भाग वरच्याला बांधल्याशिवाय जमीन सोडू नका

शिकारीसाठी झाडावर चढवत न्यायच्या स्टँडचे दोन सुटे भाग असतात. वरचा बसायचा, खालचा पाय ठेवायचा. ते पट्ट्याने एकमेकांना बांधा. वरच्या भागावर भार देऊन पाय उचलताना खालचा भाग निसटला, तर माणूस वरच अडकतो आणि उतरायला आधार उरत नाही.

झाड जिवंत, सरळ, बिनफांद्यांचं हवं. गुळगुळीत किंवा ओल्या सालीवर स्टँडचे खोडात रुतणारे दाते नीट धरत नाहीत. खोड वर निमुळतं होतं, म्हणून खाली बांधताना पाय ठेवायच्या फळीचं बाहेरचं टोक थोडं उचलून ठेवा. वर पोचेपर्यंत ती सपाट होते. सुरुवातीलाच सपाट बांधली तर वर गेल्यावर पुढे कलते, आणि ती दुरुस्ती उंचीवर करणं म्हणजे नसता धोका.

हार्नेस, म्हणजे पडताना धरून ठेवणारा अंगावरचा पट्ट्यांचा साज, पूर्ण अंगाचा, पहिल्या पावलापासून खोडाला अडकवलेला. खोडाभोवतीचा पट्टा दर टप्प्याला वर सरकवा. बसल्यावर हार्नेस त्या पट्ट्याला जोडणाऱ्या दोरीत ढील नको. पडून लटकल्यास मांड्यांचे पट्टे रक्तप्रवाह अडवतात, त्यामुळे पाय टेकवायला एक फासाचा पट्टा हाताशी असू द्या.

बंदूक सोबत घेऊन चढू नका. रिकामी करून, नळी खाली ठेवून, नंतर दोरीने ओढून घ्या.