ट्रॅकवर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल तापू नये म्हणून

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली बरीचशी उष्णता टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) घसरताना तयार होते. म्हणून ट्रॅकवर किंवा घाटात मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरा. त्यामुळे लॉक-अप क्लच (कन्व्हर्टरचं घसरणं थांबवणारा क्लच) लागलेला राहिला की ऑइल कमी तापतं. ८० ते ९५ अंश सेल्सिअस ठीक, १२०च्या पुढे गेलं की आवरतं घ्या. शेवटची फेरी सावकाश मारा, लगेच इंजिन बंद करू नका. जादा कूलर बसवायचा तर थर्मोस्टॅटवालाच. फार थंड ऑइलही गिअर नीट पडू देत नाही.

बीएमडब्ल्यू एम३४०आयमध्ये झेडएफ या जर्मन कंपनीचा ८एचपी हा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्याचं ऑइल ‘आयुष्यभराचं’, असं शोरूमवाले खुशाल सांगतात. खुद्द झेडएफचा सल्ला मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान बदलण्याचा आहे. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी त्याआधीच बदलावं. फिल्टर प्लॅस्टिकच्या ऑइल पॅनमध्येच असतो, तेव्हा बिल पॅनसकट येईल.