समुद्रतळावरचं शिल्प: आधी खडक, मग पुतळा

शिल्पकार जेसन डीकेअर्स टेलर यांनी २००६ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनेडाच्या मोलिनियर उपसागरात समुद्रतळावर पुतळे उतरवले, नंतर मेक्सिकोत कानकूनजवळ शेकडो. असा पुतळा म्हणजे प्रवाळ आणि माशांसाठी कृत्रिम खडकच. नाकडोळ्यांची रेखीवता शेवाळ लवकरच झाकून टाकतं. त्यामुळे मेहनत घ्यायची ती सिमेंट, वजन आणि भोकांवर.

जागा रेताड हवी, जिवंत प्रवाळ किंवा समुद्री गवत नसलेली. ४ ते ९ मीटर खोली पुरते. तिथवर उजेड पोचतो आणि पाणबुड्यांनाही सोयीचं पडतं. सळई रोवून बघा: वाळूचा थर पातळ आणि खाली कडक तळ लागला तर उत्तम. जाड, भुसभुशीत वाळूत लाटांमुळे चौथऱ्याच्या कडेची वाळू उकरली जाते आणि पुतळा कलतो.

आता काँक्रीट. साध्या ताज्या काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो, समुद्राचा साधारण ८.१. इतक्या अल्कधर्मी पृष्ठभागावर सुरुवातीला फारसं काही रुजत नाही. म्हणून सिमेंटचा काही भाग स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड) आणि सुमारे १० टक्के मायक्रोसिलिका (सिलिकाची अतिबारीक पूड) यांनी बदला. एक घनमीटरला सिमेंट आणि हे पदार्थ मिळून ४०० किलो, पाणी १६० लिटर, खडी १० मिमीपर्यंत. मिश्रण घट्ट वाटलं तर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण पातळ करणारं रसायन) घाला, पाणी वाढवू नका. जास्तीच्या पाण्याने काँक्रीट सच्छिद्र होतं आणि क्षार आत शिरतात. साच्याला जळकं ऑइल लावायची साइटवरची सवय इथे चालणार नाही, खाद्यतेल वापरा. २८ दिवस क्युअरिंग (काँक्रीट ओलं ठेवून मुरवणं), शक्यतो गोड्या पाण्याच्या टाकीत, पाणी बदलत.

आत साधी लोखंडी सळई नकोच. ती गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. काचतंतूची सळई घ्या, उचलायच्या कड्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या. तांबं, पितळ, रंग यांना फाटा द्या. तांबं तर बोटीच्या बुडाला जीव चिकटू नयेत म्हणूनच रंगात घालतात!

पृष्ठभाग गुळगुळीत करायचा मोह आवरा. प्रवाळाच्या अळ्या काही मिलिमीटरच्या खाचांत आणि खालच्या बाजूच्या सावलीत बसतात. माशांसाठी ५ ते ३० सेंमीची वेगवेगळी भोकं ठेवा, पण प्रत्येकाला दोन तोंडं हवीत; आंधळ्या भोकात पाणी खेळत नाही. शेवंड्यांना आडव्या, अरुंद कपारी आवडतात. खाली उघडी, वर बंद अशी पोकळी मात्र नको. उतरवताना तिच्यात हवा अडकते, आणि पुढे कासव शिरलं तर त्याला वर यायला वाट मिळत नाही.

वजनाचा हिशेब इथेच चुकतो. माणसाएवढी भरीव आकृती साधारण ०.०७ घनमीटर, चौथरा १ मी × १ मी × २५ सेंमी म्हणजे ०.२५. एकूण ०.३२ घनमीटर, जमिनीवर सुमारे ७७० किलो. पाणी वर उचलून धरत असल्याने पाण्यात उरतात फक्त ४४०. उघड्या किनाऱ्यावर एकटा पुतळा तेवढ्यावर सोडू नका. चौथरा रुंद करा किंवा चार-पाच आकृत्या एकाच चौथऱ्यावर ओता. तळावर घट्ट न बसलेलं सामान काय करतं ते फ्लोरिडात दिसलं: १९७० च्या दशकात फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे २० लाख टायर टाकून कृत्रिम रीफ, म्हणजे प्रवाळ खडक, केलं होतं. बांधलेल्या पट्ट्या तुटल्या आणि सुटे टायर शेजारच्या जिवंत प्रवाळावर आदळत राहिले.

उतरवायला भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेले दिवस निवडा, उधाणाचे नाही. क्रेनच्या बार्जवरून (सपाट बुडाच्या मालवाहू नावेवरून) रुंद पट्ट्यांनी सावकाश सोडा. लोंबत्या वजनाखाली पाणबुड्या कधीच नको. कॅरिबियनमध्ये बरेच प्रवाळ ऑगस्ट-सप्टेंबरच्या पौर्णिमेनंतरच्या रात्री अंडी-शुक्राणू सोडतात. त्याच्या काही आठवडे आधी पुतळा पाण्यात असावा. फार आधी टाकला तर शेवाळ सगळी जागा बळकावतं.

पुढे ब्रशने घासून 'स्वच्छ' करू नका. गुलाबी चुनखडी शैवालही निघून जातं आणि त्यावरच प्रवाळ बसायला बघतं. हिरवं शेवाळ वाढतच राहिलं तर ते खाणारे मासे आहेत का ते तपासा. मासेमारीचा नियमही आधीच ठरवून घ्या, कारण शिल्पाभोवती मासे पैदास व्हायच्या आधी नुसते गोळा होतात आणि जाळ्याला आयते सापडतात.