सेल बदलताना

रिमोट किंवा खेळण्यातले सेल बदलायचे तर सगळे एकदम बदला. जुना आणि नवा एकत्र घातला की जुना आधी संपतो, तरी नवा त्यातून वीज ढकलत राहतो आणि जुना गळू लागतो. अल्कलाइन सेलमधून पाझरणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचा भाजतं, म्हणून ती पांढरी पूड उघड्या हातानं पुसू नका. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढूनच ठेवा.

खरी काळजी घ्यायची ती बटण सेलची. लहान मुलानं लिथियमचा गोल सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. असा सेल असलेल्या वस्तूचं झाकण स्क्रूनं घट्ट बसवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, लगेच रुग्णालय गाठा.