गावातल्या मुलांची भाजीची बाग: आधी ताट, मग पाणी, कुदळ शेवटी

मुलांसाठी भाजीची बाग करायची ठरलं की उत्साहाच्या भरात आधी कुंपण होतं, मग रंगवलेली पाटी लागते आणि मग वाफे. मीही तसंच केलं होतं. चोवीस वाफे आखले, पेरणीच्या दिवशी निम्मं गाव जमलं. सहाव्या आठवड्यात सुट्टी लागली. नळ कुलपाआड, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते परगावी. ते परतले तेव्हा घेवड्याच्या पानांचा हातात चुरा होत होता. तेव्हापासून मी कुदळ सगळ्यात शेवटी उचलतो.

कालच्या जेवणापासून सुरुवात

जागा बघायच्या आधी पंचवीस-तीस घरी जाऊन एकच प्रश्न विचारा: काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं? ‘तुम्ही साधारणपणे काय खाता’ असं विचारू नका. त्याचं उत्तर माणूस नेहमी ऐकायला बरं वाटेल असंच देतो. कालचं मात्र आठवून सांगावं लागतं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं बायकांच्या आहारातलं वैविध्य मोजायला अन्नाचे दहा गट केले आहेत: धान्य आणि कंद, कडधान्यं, दाणे आणि तेलबिया, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्व भरपूर असलेल्या केशरी-पिवळ्या भाज्या आणि फळं, इतर भाज्या, इतर फळं. वहीत दहा रकाने आखा आणि काल जे खाल्लं त्या गटाखाली खूण करा. किती खाल्लं ते विचारायची गरज नाही, फक्त चवीपुरतं टाकलेलं धरायचं नाही. दिवसभरात पाच किंवा जास्त गट पोटात गेले तर आहार बऱ्यापैकी विविध म्हणायचा. ही मोजणी एकेका घराला पास-नापास करायला नाही, बेरीज सगळ्यांची मिळून बघायची.

विचारायला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना जोडीनं पाठवा. कागदावर घराचं नाव नको. कुणाच्या ताटात काय नव्हतं हे गावभर झालं, तर पुढच्या दारात तुम्हाला कुणी उभं करणार नाही.

ज्या रकान्यांत खुणा सगळ्यात कमी, ती तुमची लागवडीची यादी. मी या यादीबाहेर फारसा जात नाही. बागेत शोभतं म्हणून काही लावलं, की ते शोभेचंच राहतं.

इथे एक हिशेब करून ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. तीस मुलांचे झाले रोजचे १२ किलो. सहा-आठ वाफ्यांतून ते निघणार नाहीत, कधीच नाहीत. मुलांना भाजीची ओळख व्हावी, ती खायची सवय लागावी आणि रोपं त्यांच्या घरी जावीत, एवढ्यासाठी ही बाग असते. आणि घरोघर फिरताना अगदी रोडावलेलं लहान मूल दिसलं, तर त्याला पालकाच्या वाफ्याची वाट बघायला लावू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरणं हे तीव्र कुपोषणाचं लक्षण आहे. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पाणी पुरेल तेवढेच वाफे

भाजीला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. म्हणजे तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला आठवड्याला ७५ लिटर, पाच लिटरच्या झारीच्या पंधरा फेऱ्या. सहा वाफ्यांना नव्वद. कडक उन्हात किंवा रेताड जमिनीत याहून जास्त. नळापासून वाफ्यापर्यंत भरलेली झारी घेऊन स्वतः दहा फेऱ्या मारा आणि मग वाफ्यांचा आकडा ठरवा. माझा चोवीसचा सहावर आला तो असा.

वाफ्यावर वाळलेल्या गवताचं किंवा पाल्याचं चार बोटं जाड आच्छादन घातलं की पाणी बरंच वाचतं. रोपाच्या बुंध्याला मात्र ते चिकटू द्यायचं नाही.

नळाच्या किल्ल्या दोन करा आणि त्या वेगवेगळ्या घरी ठेवा. सुट्टीतल्या पाळ्या बी पेरायच्या आधी लिहून काढा. सुट्टीतले आठवडे भरत नसतील तर पेरणीच पुढे ढकला.

जागेबद्दल थोडक्यात: सहा तास ऊन, मालकाची निदान तीन वर्षांची लेखी परवानगी, आणि जुना रंग पोपडे होऊन गळत असलेल्या भिंतीपासून लांब. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि मातीत उतरलेलं शिसं लहान मुलांना फार बाधतं. वाफा एक मीटरहून रुंद नको, कारण मुलाचा हात कडेवरून मधोमध पोचला पाहिजे. नाहीतर ते वाफ्यात पाय देणारच.

मुलांच्या हाती खरंखुरं काही द्या

१९०२ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्याच्या क्लार्क परगण्यात ए. बी. ग्रॅहम या शाळा अधीक्षकांनी मुलामुलींचं मंडळ सुरू केलं. फोर-एच ही ग्रामीण मुलांची चळवळ आपली सुरुवात तिथून मानते. चार एच म्हणजे इंग्रजीतले डोकं, हृदय, हात आणि आरोग्य. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनात मुलींची टोमॅटो मंडळं निघाली. प्रत्येकीकडे एक दशांश एकर, लागवड तिची, टोमॅटो डबाबंद करायचे तिनेच आणि हिशेबही तिचाच. त्या काळातला अनुभव असा की नवी पद्धत मोठ्यांना सांगून पटत नसे, पण पोराच्या तुकड्यात पीक जोमानं आलेलं दिसलं की बाप गुपचूप चौकशी करी. हे आजही होतं, मी पाहिलंय.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या त्यांनी सहभागात धरल्याच नाहीत: मुलांना आपल्या कामासाठी वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं. तुमचा कार्यक्रम कुठल्या पायरीवर आहे हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे: तुम्हाला न पटलेला एखादा निर्णय मुलांनी घेतला आणि तो अमलात आला, असं कधी झालंय का?

आमच्याकडे एका गटानं अख्खा वाफा कलिंगडाला दिला. मी नको म्हणत होतो. वेल वाट ओलांडून शेजारच्या गाजरांवर चढले आणि हाती आलं एकच फळ, तेही आतून फिकं. गटाच्या वहीत त्या दिवशीची नोंद: ‘कलिंगड १. वजन दोन किलो १०० ग्रॅम. गोड नाही. पुढच्या वेळी दोनच वेल, कडेला.’ मी तासभर बोललो असतो तरी एवढं नेमकं सांगता आलं नसतं.

एका वाफ्याला पाच-सहा मुलं, लहानमोठी मिसळून, आणि म्होरक्या तेरा-चौदा वर्षांचा. पाणी, वही, बियांचा डबा आणि संध्याकाळी खुरपी मोजून ठेवणं ही कामं दर महिन्याला फिरवा, नाहीतर वही कायम मुलींकडे आणि झारी कायम मुलांकडे राहते. पालकांची लेखी संमती घ्या. बागेत कायम दोन मोठी माणसं हवीत, एकटा मोठा आणि एकटं मूल अशी वेळ येऊच द्यायची नाही. फवारणी मुलांच्या हातून नाही. मावा, म्हणजे पानांवरची बारीक कीड, दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा, सुरुवातीला तेवढ्यानं भागतं.

आता कुदळ

जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असतानाच हलवायची. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटानं टोचा. भुगा झाला तर कामाला लागा. चिकट लगदा राहिला तर घरी जा, कारण ओली माती खणली की ढेकळं होतात आणि ती मोसमभर फुटत नाहीत. चांगलं कुजलेलं खत मिसळा. ताजं शेण नको: भाजी मातीला टेकणारी असेल तर कच्चं शेण घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जायला हवेत, असा सेंद्रिय शेतीतला अमेरिकी नियम आहे, आणि मुलांच्या बागेत तो पाळलेला बरा.

बी जुनं असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. सहाहून कमी उगवले तर दाट पेरा, किंवा सरळ नवं बी आणा. पेरायची खोली दाण्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट.

पहिलं पीक मुळ्याचं, मग तुमच्या यादीत असो वा नसो. यादीबाहेर एवढंच. तो पंचवीस-तीस दिवसांत हाती येतो, आणि आठ वर्षांच्या मुलाचा धीर साधारण तेवढाच पुरतो. पाठोपाठ पालक आणि घेवडा, कडेला भोपळा. केशरी रंगाचं रताळं मिळालं तर एक वाफा त्याला द्याच. आफ्रिकेत अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर या रताळ्याचा एवढा उपयोग झाला, की २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार ज्या चौघांना मिळाला त्यातल्या तिघांचं काम याच रताळ्यावरचं होतं.

विरळणीला मुलं अडतात. उगवलेलं रोप उपटायला त्यांचं मन घेत नाही. उपटलेली कोवळी मुळ्याची रोपं धुऊन लगेच खायला द्या, मग हात चालतो.

काढणी आणि चूल एकाच दिवशी

तोडलेली भाजी त्याच दिवशी, मुलांच्याच हातून शिजली पाहिजे. आधी साबणानं हात, वीस सेकंद. कुणाला कशाची ॲलर्जी आहे का, हे घरच्यांकडून आधीच विचारून ठेवलेलं असावं. केशरी भाजीत थोडं तेल घाला, त्याशिवाय त्यातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य अंगी नीट लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे तिच्यातलं लोह जास्त शोषलं जातं. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचाच. अर्धकच्चा राजमा पोट बिघडवतो.

नवी भाजी मुलाला आवडायला आठ-दहा वेळा चाखावी लागते. म्हणून आग्रह नाही, बक्षीस नाही, टोमणा तर नाहीच. एक घास घ्यायचा, नाही आवडला तर मुकाट्यानं बाजूला ठेवायचा. भोपळा सहा वेळा बाजूला ठेवणारी एक मुलगी सातव्यांदा काही न बोलता भांडं पुसून गेली. मीही काही बोललो नाही.

प्रत्येक मुलाबरोबर दोन रोपं घरी जाऊ द्या, जुन्या डब्याला तळाशी भोकं पाडून. पंधरा दिवसांनी त्यातली किती जगली ते विचारा आणि वहीत लिहा.

कालच्या जेवणाचा प्रश्न वर्षभरानं पुन्हा विचारा, त्याच महिन्यात. भाज्या मोसमाप्रमाणे बदलतात, त्यामुळे दुसऱ्या महिन्यातले आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. दरम्यान घेवड्याच्या दोन झाडांना हात लावू नका, शेंगा झाडावरच वाळू द्या. घेवड्याचं बी मुलांना पुढच्या वर्षासाठी धरता येतं. भोपळ्याचं नको, कारण शेजारच्या जातीशी त्याचा संकर होतो आणि पुढच्या वर्षी वेलाला काय लागेल याचा नेम नसतो. पुडीवर जात, महिना आणि वर्ष पेन्सिलीनं लिहा. शाई ओल लागली की फुटते.