भूकंपाच्या खोलीवरून भूपट्टांच्या सीमा कशा आखाव्यात

पृथ्वीचे बाहेरचे कठीण आवरण ज्या सरकत्या तुकड्यांत विभागले आहे, त्या भूपट्टांचा नकाशा पाठ्यपुस्तकात आयता मिळतो. तो पाहून पट्टांची नावे पाठ होतात, परंतु अमुक रेषा तिथेच का काढली आहे, हे त्यातून उमगत नाही. ते समजून घ्यायचे असेल, तर ही रेषा एकदा आपल्या हाताने आखून पाहावी. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे सागरतळाचा उंचसखलपणा दाखवणारा जगाचा प्राकृतिक नकाशा, आणि दुसरी म्हणजे प्रत्येक भूकंपाचे स्थान, महत्ता (मॅग्निट्यूड) व नाभीची, म्हणजे जमिनीखाली तो जिथे सुरू झाला त्या जागेची, खोली दिलेली यादी. अशी यादी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. महत्ता ५ किंवा त्याहून अधिक असलेले मागील पाच वर्षांचे भूकंप या कामाला पुरतात.

सुरुवातीलाच किनारपट्टीचा विचार मनातून काढून टाकावा. किनारा म्हणजे आजचे पाणी जिथवर पोहोचले आहे ती कड. पट्टाच्या कडेशी तिचा संबंध असतोच असे नाही. आफ्रिकेच्या पट्टाची पश्चिम सीमा त्या खंडाच्या किनाऱ्यावर नसून अटलांटिक महासागराच्या मध्यावर आहे. आता यादीतील भूकंप खोलीनुसार तीन रंगांत नोंदवावेत: ७० किलोमीटरपर्यंतचे उथळ, ७० ते ३०० किलोमीटरचे मध्यम आणि ३०० ते सुमारे ७०० किलोमीटरचे खोल. बहुतेक जण महत्तेकडे आधी पाहतात; माझ्या मते या कामात खोलीच अधिक बोलकी ठरते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. यादीत १० आणि ३३ किलोमीटर हे आकडे वारंवार दिसतील. खोली नीट काढता आली नाही की हे ठरावीक आकडे घातले जातात, त्यामुळे त्यांचा अर्थ केवळ ‘उथळ’ एवढाच घ्यावा.

जिथे फक्त उथळ भूकंपांची बारीक ओळ महासागराच्या मधोमध जाते आणि तिच्याखाली जलमग्न पर्वतरांग दिसते, तिथे दोन पट्ट एकमेकांपासून दूर सरकत आहेत. तिथला खडक थोड्याच खोलीवर इतका तापलेला असतो की तो तुटण्याऐवजी वाकतो, म्हणून खोल भूकंप होत नाहीत. (तापलेला म्हणजे वितळलेला नव्हे. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, हा शिलारसाचा (वितळलेल्या खडकाचा) समुद्र असल्याची समजूत फार पसरली आहे. प्रत्यक्षात ते जवळजवळ संपूर्ण घन असून लाखो वर्षांच्या मापाने अतिशय संथ वाहते.) ही ओळ मध्येच आडवी सरकून पुन्हा पुढे निघते. दोन तुकड्यांना जोडणाऱ्या या आडव्या भेगांवर पट्ट एकमेकांना घासत जातात. या भेगांच्या खुणा सागरतळावर पुढेही दूरवर दिसतात, पण भूकंप फक्त दोन तुकड्यांच्या मधल्या भागात होतात. कॅनडाचे भूवैज्ञानिक जॉन टुझो विल्सन यांनी १९६५ मध्ये याचे कारण स्पष्ट केले: त्या भागापलीकडे भेगेच्या दोन्ही बाजू एकाच पट्टाच्या असतात आणि एकाच दिशेने जातात. कॅलिफोर्नियाचा सॅन अँड्रियास प्रस्तरभंग (खडकातील भेग) हा याच जातीचा, केवळ जमिनीवर आलेला.

खरी मौज जपानजवळ आहे. तिथे पूर्वेला समुद्रात खोल गर्ता दिसते आणि तिच्यालगत उथळ भूकंप असतात. पश्चिमेकडे सरकावे तसे आधी मध्यम आणि मग खोल भूकंपांचे रंग लागतात. हे बिंदू जमिनीच्या उभ्या छेदात मांडले की तिरकी उतरत जाणारी एक पाटी डोळ्यांसमोर उभी राहते. तीच पॅसिफिक पट्टाची थंड, जड कड आहे, जी शेजारच्या पट्टाखाली घुसत आहे. कियो वादाती या जपानी शास्त्रज्ञाने अशा खोल भूकंपांचा अभ्यास भूपट्टांची कल्पना मांडली जाण्याच्या कित्येक दशके आधी केला होता. पाटी साधारण १०० किलोमीटर खोलीवर पोहोचते, त्या जागेच्या वर ज्वालामुखींची रांग असते. त्यामुळे गर्तेपासून ज्वालामुखींपर्यंतचे अंतर मोजले की उताराचा अंदाज बांधता येतो: अंतर १०० किलोमीटर असेल तर उतार सुमारे ४५ अंश, २०० असेल तर सुमारे २७ अंश.

हिमालय आणि तिबेटकडे वळताच आपली रेषा फिसकटते. भूकंप शेकडो किलोमीटर रुंदीच्या प्रदेशात विखुरलेले दिसतात, कारण खंडीय कवच हलके असल्याने सहजी खाली जात नाही. ते चुरगळते आणि जाड होते. इथे रेषेऐवजी रुंद पट्टा रंगवणेच प्रामाणिकपणाचे ठरेल. हिंदुकुशखाली मात्र २०० किलोमीटरच्या आसपासचे भूकंप भेटतील. त्यांना चूक समजून खोडू नये.

शेवटी काही बिंदू कोणत्याच सीमेवर बसणार नाहीत. पट्टाच्या पोटातही जुन्या कमकुवत भेगा असतात. १८११-१२ मध्ये मिसिसिपीच्या खोऱ्यात झालेले न्यू माद्रिदचे भूकंप तसेच होते. हवाई बेटांचे कारण निराळे आहे: तिथे खालून तापलेला खडक वर येतो (या जागेला तप्तस्थान म्हणतात) आणि पट्ट त्यावरून सरकत जातो. याचा उपयोग वेग काढण्यासाठी करावा. काउआई बेटाचे खडक सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते आजच्या किलाउएआ ज्वालामुखीपासून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. भागाकार केला की वर्षाला १० सेंटिमीटर हा वेग येतो. हा वेग खालच्या तप्तस्थानाच्या तुलनेत आहे, तर भारत वर्षाला ४-५ सेंटिमीटर सरकतो असे म्हणतात तेव्हा ती गती युरेशियाच्या तुलनेत असते. म्हणून नकाशावर बाण काढताना त्याच्याशेजारी तो वेग कशाच्या तुलनेत आहे, तेही लिहावे.