पऱ्यावर गोण्यांचा बंधारा बांधायचा तर

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये तिथल्याच वाड्यांवर टँकर येतो. पऱ्यातून, म्हणजे छोट्या ओढ्यातून, वाहून जाणाऱ्या पाण्यातलं थोडं अडवायचं, तर सगळ्यात स्वस्त उपाय वनराई बंधारा. रिकाम्या गोण्या, माती आणि वाडीतली पंधरा-वीस माणसं असली की झालं.

भातकापणी उरकली की लगेच कामाला लागा. प्रवाह मंदावलेला हवा, पण आटलेला नको. डिसेंबर उलटू दिलात तर अडवायला काही उरत नाही.

पऱ्या जिथे अरुंद, दोन्ही काठ पक्के आणि वरच्या अंगाला पात्र सपाट, ती जागा धरा. तळाला जांभा असेल तर भेगा आधी बघून घ्या, पाणी खालूनच निसटतं. हिशोब सोपा आहे: पात्र ५ मीटर रुंद, बंधारा १ मीटर उंच आणि पाणी मागे ३० मीटर तुंबलं, तर सुमारे ७५,००० लिटर साठा (मागे खोली कमी होत जाते, म्हणून गुणाकाराच्या निम्मं धरायचं). शिवाय वाहतं पाणी भर घालत राहतं आणि जवळच्या विहिरीची पातळीही लवकर खाली जात नाही.

एवढ्या बंधाऱ्याला दीडशे-दोनशे गोण्या लागतात. सिमेंटच्या असतील तर आधी झटकून धुवा. गोणी पाऊणच भरा, तोंड दाभण-सुतळीने शिवा. गच्च भरलेली गोणी गडगडते, सैल असली की शेजारणीला चिकटून बसते. भरायला काठ खणू नका, पात्रातला गाळ घ्या.

आधी तळातला पालापाचोळा, सुटे दगड काढा. मग विटांसारखा सांधा मोडत थर लावा, पाया रुंद, माथा अरुंद. गोण्यांच्या दोन भिंती उभ्या करून मधे चिकणमाती तुडवून भरायची. पाणी खरं तर ती माती धरते, आणि लोक नेमका इथेच कंटाळा करतात. टोकं काठात हातभर घुसवा. मधला भाग एक थर खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी मधूनच जाईल. नाहीतर ते काठ पोखरतं. आमचा पहिला बंधारा असाच आठवड्यात बगलेतून फुटला होता. सांडलेलं पाणी पडतं तिथे चपटे दगड रचा.

पाणी साठलं की कुणीतरी मोटर टाकतंच. म्हणून बांधायच्या आधीच वाडीची बैठक घ्या: गुरांना आणि कपडे धुवायला पाणी सगळ्यांना, मोटर कुणाचीच नाही. शिंपण्याच्या पाळ्या ठरवायच्या असतील तर त्याही तेव्हाच. दर आठवड्याला एकाने गळती बघून माती लिंपायची.

मे महिन्यात बंधारा मोडायचा. उन्हाने गोण्या विरतात आणि पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या खालच्या मोरीत जाऊन अडकतात. बांधताना किती गोण्या लागल्या ते वहीत लिहून ठेवा, तेवढ्या मोजून बाहेर काढा.